पयलीं आयक : व्हायोलिनच्या मास्तरांचे स्मरण

सुहृदहो,

ज्यांच्या आठवणीसाठी आज आपण गिरगावात जमलो आहोत, त्यांना मी आयुष्यभर 'मास्तर' म्हटले आणि आजही तेवढेच म्हणणार आहे. हे व्याख्यान पुढे छापले जाणार असे कळल्यावर त्यांच्या मुलीने मला एकच विनंती केली, की पप्पांचे नाव त्यात घालू नये, त्यांना ते आवडले नसते. ती विनंती मी मानली आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी मास्तरांना पाहिले आहे. उरलेल्यांसाठी एवढेच सांगते की ते गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या एका गावातून १९४० च्या दशकात मुंबईत आले, सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवून त्यांनी संसार केला, आणि रेकॉर्डिंग नसेल त्या दिवशी संध्याकाळी खोताच्या वाडीजवळच्या आपल्या दोन खोल्यांत ते मुलांना शिकवत. ते श्रद्धेने कॅथलिक होते. माझे वडील, ज्यांना सारी चाळ नाना म्हणत असे, पंढरीचे वारकरी होते. या दोघांची मैत्री ३५ वर्षे टिकली आणि त्या मैत्रीच्या सावलीत मी वाढले.

मास्तरांविषयी बोलायचे तर आधी त्यांचे व्हायोलिन कुठून आले ते सांगायला हवे, कारण ते दुकानातून आलेले नव्हते. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून शाळा निघाल्या. तिथला शिक्षक तो 'मेस्त', पोर्तुगीज 'मेस्त्रे'. आपला मिस्त्री हा शब्दही त्याच शब्दावरून आलेला आहे, आणि मास्तरांना ही गोष्ट नानांनी सांगितली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला होता. ते म्हणाले, सुतार आणि आम्ही एकाच घरचे. या मेस्ताकडे गावातली मुले धर्माचे पाठ, अक्षरे आणि संगीत शिकत. संगीत म्हणजे आधी सोल्फेज : दो, रे, मी, फा हे स्वर हाताने मात्रा मोजत, कागदावरच्या पाच रेघांवर पाहून गायचे. ते पक्के झाल्यावर मग व्हायोलिन हाती मिळे. रविवारची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, गावच्या फेस्ताची म्हणजे उत्सवाची लादाईन ही सामूहिक प्रार्थना, लग्न, मयत, आणि ईस्टरआधीच्या उपासकाळात चर्चमध्ये व्हायोलिन, क्लॅरिनेट व डबल बासच्या साथीने गायले जाणारे मोतेत, हे सारे हीच मुले मोठी होऊन सांभाळत. मास्तरांचे वडील शेतकरी होते. घरात पुस्तक असे एकच होते, पण व्हायोलिने दोन होती.

या शिक्षणाचा एक परिणाम असा झाला, की ज्या काळात हिंदुस्थानात पाच रेघांची स्वरलिपी वाचता येणारी माणसे फार थोडी होती, त्या काळात गोव्याच्या लहान लहान खेड्यांत ती पाहून वाजवणारी माणसे घरोघर होती. पलटणींचे बँड, मूकपटांची थिएटरे, हॉटेलांतले नाचाचे वाद्यवृंद आणि शेवटी बोलपट, या सगळ्यांना अशी माणसे हवी होती. संगीतकार चाल हार्मोनियमवर बसवत, आणि ती चाल चाळीस-पन्नास वादकांपुढे कागदावर मांडण्याचे काम अरेंजर करीत. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा, शिवाय फ्रँक फर्नांड, अशी ही गोव्याची माणसे होती. मास्तर या मोठ्या नावांपैकी नव्हते. ते व्हायोलिनच्या रांगेत बसणारे वादक होते, आणि गाण्याच्या तबकडीवर त्या रांगेचे नाव कधी छापले जात नसे.

त्या पिढीतल्या ज्या एका माणसाविषयी मास्तर नेहमी आदराने बोलत, त्यांचा उल्लेख मला केलाच पाहिजे. ते अँथनी गोन्साल्विस, १९२७ मध्ये मजोर्ड्याला जन्मलेले. त्यांचे वडील तिथल्या चर्चमध्ये गायकवृंदाचे मेस्त होते. १९५८ मध्ये गोन्साल्विसांनी मुंबईत आपला वाद्यवृंद उभा केला, हिंदुस्थानी रागांवर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला बोलावले. पदरचे पैसे घालून केलेला तो उद्योग फार काळ चालला नाही, आणि १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. पण त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल शर्मांनी गुरूचे नाव विसरू दिले नाही. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तल्या नायकाच्या तोंडी ते पूर्ण नाव आले, आणि ते देशभर लहान मुलांच्या ओठांवर गेले. ते गाणे रेडिओवर लागले की चाळीतली मुले नाचत असत आणि मास्तर मात्र स्टूलावर बसून शांतपणे ऐकत असत. शिष्याने गुरूचे नाव असे घ्यावे याचे त्यांना फार वाटत असे. २०१२ च्या जानेवारीत गोन्साल्विस गोव्यातच वारले. तोवर मास्तरांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

आता मी त्यांच्याकडे कशी गेले ते सांगते. वर्ष १९६६, मी दहा वर्षांची. नानांना मला गाणे शिकवायचे होते आणि माझा गळा बेताचा होता. नानांनी हे मास्तरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, गळा नाही तर हात आहेत, पाठवून द्या. मी मोठ्या उत्साहाने गेले आणि पुढचे सात आठवडे मला व्हायोलिनला हात लावू दिला गेला नाही. भिंतीवर खिळ्याला काळी पेटी टांगलेली, शेजारी देव्हाऱ्यासारखा छोटा ओल्तार, त्यावर पवित्र मातेची तसबीर आणि तांबडा दिवा, आणि समोर लाकडी स्टूलावर बसून उजव्या हाताने मात्रा मोजत मी दो रे मी म्हणते आहे. खिडकीतून गिरगाव रस्त्याचा सगळा गलका आत येत असे. मास्तर ती खिडकी कधी बंद करीत नसत. त्या गलक्यातून ऐकायला शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आठव्या आठवड्यात पेटी खाली आली. गजाला राळ कशी लावायची हे त्यांनी मला दाखवले. गजाचे केस राळेच्या पिवळट वडीवरून घाईने फिरवले की राळ एके ठिकाणी जळल्यासारखी गोळा होते, म्हणून एक टोक ते दुसरे टोक असा सावकाश, सलग ओढ द्यायचा. राळेचा तो किंचित आंबूस, पाइनच्या चिकाचा वास आजही कुठे आला, तर मी दहा वर्षांची होते. मग त्यांनी नादकाटा काढला, आपल्या गुडघ्यावर हलकेच आपटला आणि त्याचे देठ व्हायोलिनच्या पोटावर टेकवले. सेकंदाला ४४० कंपनांचा तो 'ला' लाकडातून अवघ्या खोलीत भरला. त्याच्याशी एक तार जुळवली, आणि मग शेजारची तार.

इथे मला जरा थांबायचे आहे, कारण मास्तरांची सगळी शिकवण या एका कृतीत होती. व्हायोलिनच्या चार तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. आपल्याकडचे वादक त्या वेगळ्या, सा-प च्या जोड्यांत लावतात, पण मास्तरांची पद्धत पाश्चात्त्य होती. दोन शेजारच्या तारांवर एकदम गज ओढला आणि त्यांतली एक किंचित उतरलेली असली, तर आवाजात एक लाट ऐकू येते, वॉव-वॉव-वॉव अशी. खुंटी जराशी पिळली की ती लाट मंदावते, आणखी पिळली की आणखी मंदावते, आणि एका क्षणी ती नाहीशी होते व दोन तारांचा मिळून एकच, सपाट, स्वच्छ नाद उरतो. खुंटी त्याहून केसभर जास्त गेली की लाट पुन्हा सुरू. मास्तर खुंटी पिळत आणि मी डोळे मिटून लाट कुठे थांबली ते सांगायचे. मी घाईने 'थांबली' म्हटले, की ते कधी रागावत नसत. एवढेच म्हणत, "पयलीं आयक, मागीर वाजय." आधी ऐक, मग वाजव. हा खेळ आम्ही तीन महिने केला. आज मी स्वतः चाळीस वर्षे मुलांना शिकवते आहे आणि माझे मुलांशी सगळ्यात जास्त भांडण याच गोष्टीवरून होते, कारण आता तार लागली की नाही ते मोबाइल सांगतो आणि काटा हिरवा झाला की मूल निश्चिंत होते. काटा चुकीचे सांगतो असे माझे म्हणणे नाही. लाट थांबताना ऐकण्याची जी एकाग्रता त्या मुलाच्या चेहऱ्यावर यायला हवी, ती येत नाही, हे माझे दुःख आहे.

मास्तरांनी आम्हा सर्वांना दुसरे व्हायोलिन वाजवायला शिकवले. पहिले व्हायोलिन म्हणजे धून, ती सगळ्यांना ऐकू येते. दुसरे व्हायोलिन तिच्याखाली चालते, आणि ते नसेल तर ऐकणाऱ्याला काय हरवले ते सांगता येत नाही, पण गाणे उघडे पडते. लग्नात, चर्चमध्ये, आमच्या शाळेच्या कार्यक्रमात, जिथे जिथे निवड त्यांच्या हाती असे तिथे मास्तर आपण होऊन दुसरे घेत आणि पहिले शिष्याला देत. मी बाराव्या वर्षी त्यांच्या शेजारी उभी राहून पहिले व्हायोलिन वाजवले आहे. माझा हात जिथे लटपटला तिथे त्यांचा आवाज थोडासा वाढला आणि मी सावरल्यावर पुन्हा खाली गेला. हे मला त्या वेळी कळले नाही. घरी आल्यावर नानांनी सांगितले.

त्यांच्या धर्माविषयी बोलताना मला संकोच वाटतो, कारण ते स्वतः त्याविषयी क्वचित बोलत. मी फक्त पाहिलेले सांगते. संध्याकाळी सातला चर्चची घंटा झाली की पाठ ज्या मात्रेवर असेल तिथे थांबे. मास्तर गज खाली ठेवून उभे राहत, ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत, क्रूसाची खूण करीत, आणि मग नेमक्या त्याच मात्रेपासून पाठ पुढे सुरू होई. त्यानंतर त्यांची मुले एकामागून एक 'बेसांव' मागायला येत, म्हणजे आशीर्वाद घ्यायला. मीही त्या रांगेत उभी राहू लागले. कुणी मला बोलावले नव्हते आणि कुणी अडवलेही नाही. राळेने खरखरीत झालेला त्यांचा हात माझ्या डोक्यावर टेकत असे, आणि मी जिना उतरू लागले की मागून ते मलाच म्हणत, "देव बरें करूं." गोव्यात आभार मानायचे झाले तर हेच शब्द वापरतात. शिकवणाऱ्याने शिकणाराचे आभार का मानावेत, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांनी पडला, आणि तोवर विचारायची वेळ गेली होती.

रविवारचे रेकॉर्डिंग ते घेत नसत. त्या काळी एका शिफ्टचे पैसे म्हणजे आठवड्याचा किराणा, आणि घरात चार मुले. तरीही रविवारी सकाळी ते चर्चच्या कोरमध्ये, वरच्या सज्ज्यात, जिथे एक पैसाही मिळत नसे. गुड फ्रायडेला व्हायोलिनची पेटी उघडली जात नसे. त्याच्या आदल्या, पवित्र गुरुवारच्या मिस्सेत 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत झाल्यावर चर्चमधल्या घंटा आणि वाद्ये मुकी होतात, घंटेऐवजी लाकडी खटखट्या वाजतो, आणि ते मौन शनिवारी रात्रीच्या ईस्टर मिस्सेपर्यंत टिकते. मला याची काही कल्पना नव्हती. १९७२ साली ईस्टरनंतरच्या मंगळवारी माझी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीताची परीक्षा होती आणि गुड फ्रायडेच्या दुपारी, सुटीचा दिवस म्हणून, मी आमच्या गॅलरीत दोन तास जोरजोरात सराव केला. गॅलरीसमोरच त्यांची खिडकी. संध्याकाळी आईने सांगितले तेव्हा मला रडू फुटले. सोमवारी क्षमा मागायला गेले तर मास्तरांनी माझे बोलणे पुरे होऊ दिले नाही. म्हणाले, "तुजी परीक्षा मंगळारा न्हय?" आणि लगेच, दुसऱ्या पानावरच्या तिसऱ्या ओळीत चौथे बोट दर वेळी उतरते, ते दुरुस्त करून घेतले. म्हणजे त्या मौनाच्या दिवशी ते खिडकीत बसून माझे दोन्ही तास ऐकत होते.

त्याच वर्षी नाना मला शनिवारी रात्रीच्या मिस्सेला घेऊन गेले. काळोखात मेणबत्त्यांचा उजेड, बराच वेळ नुसते वाचन, आणि मग एकाएकी ग्लोरिया : सगळ्या घंटा, ऑर्गन, आणि वरच्या सज्ज्यातून व्हायोलिने. मी मान वळवून वर पाहिले. आमचे शांत मास्तर पायांच्या चवड्यांवर उभे राहून गज ओढत होते. काकड आरतीला टाळ-मृदंग एकदम उठतात तेव्हा नाना जसे दिसत, तसे ते मला त्या क्षणी दिसले.

नानांची आणि त्यांची ओळख कशी झाली ते नानांनीच मला सांगितलेले आहे. मास्तर तेव्हा धोबीतलावच्या एका कुडीत राहत. कूड म्हणजे मुंबईतल्या गोवेकरांची गावागावांची बिऱ्हाडे. एकेका गावाची एक कूड, भिंतीलगत ओळीने ट्रंका, मध्यभागी गावच्या संताचा ओल्तार, रोज रात्री सर्वांनी मिळून म्हणायचा रोझरी. नाना गोदीत कारकून होते आणि त्या कुडीतले दोन खलाशी त्यांच्या ओळखीचे. १९५५ मध्ये गोव्याची हद्द बंद झाली, आगगाडी थांबली, परवान्याशिवाय ये-जा राहिली नाही. त्या दिवसांत मास्तरांची आई गावी वारली आणि त्यांना ते कळले तोवर तिला पुरून तीन दिवस झाले होते. खलाशांपैकी एकाने नानांना सांगितले आणि नाना भेटायला गेले. त्या रात्री कुडीतले पंचवीस-तीस पुरुष गुडघे टेकून लादाईन गात होते आणि मास्तर भिंतीशी उभे राहून व्हायोलिन वाजवत होते. नाना चपला काढून दाराशी उभे राहिले. लॅटिनमधला एक शब्द त्यांना कळत नव्हता. पण मातेचे एकेक नाव एक जण म्हणतो आणि 'ओरा प्रो नोबिस' असे सगळे मिळून उत्तर देतात, हे त्यांना लगेच उमगले. नामावळी आहे ही, असे ते मनात म्हणाले. नंतर त्यांनी एकेक नावाचा अर्थ विचारून वहीत उतरवून घेतला. पहाटतारा, गूढ गुलाब, दुःखितांची सांत्वना. ती वही माझ्याकडे आहे.

पुढे नानांनी त्यांना एक भेट दिली, जिच्यामुळे रविवारच्या संध्याकाळी दोघे बसू लागले. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, म्हणजे मास्तरांच्याच सासष्टीत. सुमारे ११ हजार मराठी ओव्या, रचणारा इंग्रज जेझुइट. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये त्याची देवनागरी आवृत्ती काढली आणि नानांनी ती पुण्याहून मागवली. अडचण अशी, की मास्तर कोकणी वाचत ती रोमन लिपीत, देवनागरी त्यांना लावून लावून वाचावी लागे. म्हणून नाना ओव्या वाचत, आपल्या हरिपाठाच्या चालीवर, आणि मास्तर ऐकत. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, असे स्टीफन्स म्हणतो तो भाग नानांना पुन्हा पुन्हा वाचायला लावीत. एका वारकऱ्याने एका ख्रिस्ती माणसाला त्याच्याच प्रभूचे चरित्र ओवीत वाचून दाखवावे, यात कुणाला काही विशेष वाटत असेल तर वाटो. त्या दोघांना तसे वाटत नसे. एक वाचत होता आणि एक ऐकत होता.

व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांतून उपासनेला वाट करून दिली, आणि काही वर्षांनी चर्चमध्ये मराठी गाणी बसवायची वेळ आली, तेव्हा मास्तर नानांकडे आले. नानांनी त्यांना रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने दिली. टिळक प्रॉटेस्टंट, मास्तर कॅथलिक, आणि चाली सुचवणारे नाना.

उलट दिशेचे देणेही होते आणि आजच्या कार्यक्रमाचा संबंध त्याच्याशी आहे. आमच्या चाळीच्या गणपतीत एक रात्र भजनाची असे. १९७० साली नानांनी ठरवले की या वर्षी मास्तर साथीला बसतील. तालमी झाल्या, आणि दोन दिवस आधी चाळीतल्या एका वजनदार गृहस्थांनी हरकत घेतली, की गणपतीपुढच्या मंचावर ख्रिस्ती माणूस कशाला. नानांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला. ते भजनच रद्द करायला निघाले होते. मास्तरांना कळले तेव्हा ते वर आले आणि म्हणाले, "नाना, म्हाका बसपाक सुवात नाका. म्हाका आयकूंक येवंक जाय." मला बसायला जागा नको, मला ऐकू यायला हवे. भजनाच्या रात्री ते मंचामागच्या जिन्याच्या चौकात, खालून तिसऱ्या पायरीवर बसले. श्रोत्यांना व्हायोलिन ऐकू येत होते आणि वादक दिसत नव्हता. पुढच्या वर्षी त्याच गृहस्थांनी स्वतः सतरंजी उचलून मंचावर त्यांच्यासाठी जागा केली, हेही सांगितले पाहिजे. पण ती पायरी माझ्या मनातून जात नाही. इतक्या वर्षांत मला त्याचा राग गेलेला नाही. मास्तरांना मात्र राग आलेला मी पाहिला नाही.

त्या भजनासाठी मास्तरांनी तुकोबांच्या एका अभंगाची चाल पाच रेघांच्या कागदावर उतरवून घेतली होती. चाल भैरवातली. नाना गात, मास्तर लिहीत, आणि गाडी अडली ती कोमल ऋषभावर. भैरवाचा ऋषभ स्थिर नसतो, तो हलतो, षड्जाकडे झुकून परत येतो, आणि नाना तो प्रत्येक वेळी थोडा निराळा घेत. मास्तरांनी तो पाच-सहा प्रकारे लिहून पाहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी त्यांनी त्या जागी एकही स्वर लिहिला नाही. रेघांवर पेन्सिलने एक लहान वर्तुळ काढले आणि त्याखाली रोमन अक्षरांत लिहिले, 'नाना'. त्या अभंगात अशी चार वर्तुळे आहेत. वाजवताना तिथे आले की मास्तरांचा गज जवळजवळ थांबे, नुसता तारेला टेकलेला राही, आणि नानांचा ऋषभ हलून षड्जावर परतला की तो पुन्हा चालू लागे.

नंतरच्या वर्षांविषयी फार सांगण्यासारखे नाही. १९८० च्या दशकात सिंथेसायझर आले, एका माणसाच्या दोन हातांत व्हायोलिनची अख्खी रांग आली, आणि मास्तरांना बोलावणी कमी होत होत थांबली. त्यांनी तक्रार केली नाही, शिकवण्या वाढवल्या. १९९१ च्या पावसाळ्यात ते थोड्या आजाराने गेले. चर्चमध्ये त्यांच्या शिष्यांनी एक मोतेत वाजवला. वरच्या सज्ज्यात आम्ही चौदा जण होतो, आणि पहिले व्हायोलिन कुणी घ्यायचे यावर आमचे एकमत होईना, कारण प्रत्येकाला दुसरे हवे होते. खाली दाराशी नाना उभे होते, ७६ वर्षांचे, हातात चपला घेऊन, कारण पावसात बाहेर ठेवल्या तर वाहून जातील. मिस्सा संपल्यावर ते मला म्हणाले, आता माझ्या रेच्या वेळी कोण थांबणार. पुढच्या गणपतीत त्यांनी तो अभंग गायला नाही. त्यानंतर कधीच गायला नाही.

मास्तरांची पेटी मागच्या वर्षी त्यांच्या मुलीने माझ्या हाती दिली. व्हायोलिन तिच्या नातवासाठी ठेवले आहे, मला पेटीच्या झाकणातला कप्पा पाहायला सांगितला. त्यात राळेची अर्धी झिजलेली वडी होती, नादकाटा होता, आणि घडी करून ठेवलेला तो कागद. घड्यांवर तो विरला आहे, पण पेन्सिलीची चारही वर्तुळे स्पष्ट दिसतात.

आता माझे बोलणे थांबवते. मागे बसलेली ही सहा मुले त्याच कागदावरून तो अभंग वाजवणार आहेत. माझा धाकटा भाऊ गाणार आहे. वर्तुळाची जागा आली की गज तारेवर टेकवून थांबायचे, एवढे मी त्यांना सांगितले आहे. किती वेळ थांबायचे ते सांगितलेले नाही.